उघाडी कुठे होती ते नानांना माहीत होतं

परवा रात्री पावसाने जोर धरला आणि मी सवयीने गॅलरीत जाऊन मागच्या प्लॉटकडे बघितलं, पाणी कुठवर आलंय ते. गेली दोन वर्षं पाऊस लागला की हे बघितल्याशिवाय मला झोपच येत नाही. तो प्लॉट बुजवायला घेतला तेव्हा काय झालं, आणि नकाशा काढायच्या आधी तिथल्या माणसांना का विचारायला हवं, हे ग्रुपवर तुकड्या-तुकड्यांत मी बऱ्याच वेळा सांगितलंय, पण एकदा नीट बसून लिहायचं राहिलं होतं, ते आज लिहिते.

आम्ही नवी मुंबईत राहतो. नोडचं, म्हणजे सिडको या सरकारी कंपनीने वसवलेल्या आमच्या भागाचं, नाव मुद्दाम लिहीत नाहीये, प्लॉटचं काम कुठल्या ऑफिसने काढलं तेही लिहिणार नाही, कारण जे झालं ते कुठल्याही नोडमध्ये झालं असतं आणि त्या ऑफिसातली माणसंही आमच्याशी नीटच वागली. पप्पांना सिडकोचं घर लागलं तेव्हा मी तिसरीत होते. बिल्डिंगच्या मागे एक रिकामा प्लॉट, त्याला लागून नाला, नाल्याच्या पलीकडे गावठाण. पावसाळ्यात त्या प्लॉटमध्ये गुडघाभर पाणी साचायचं, आम्ही पोरं त्यात होड्या सोडायचो, आई ओरडायची, आणि दोन-चार दिवसांत ते पाणी आपोआप जायचं. कुठे जायचं, कसं जायचं, हा प्रश्न आम्हाला कधी पडलाच नाही.

दोन वर्षांपूर्वी मे महिन्यात एका सकाळी सात वाजता डंपर आले. बघता बघता प्लॉटवर भराव पडायला लागला आणि कंपाउंडला बोर्ड लागला, उद्यान विकसित करणे व सुशोभीकरण. खरं सांगते, आम्ही सगळे खूश झालो. सासूबाईंना चालायला जागा हवी होती, पोरांना खेळायला हवी होती, आणि इतकी वर्षं नुसतं गवत आणि डेब्रिज बघून सगळे कंटाळले होते. ग्रुपवर टाळ्यांचे आणि फुलांचे मेसेज आले.

नाना तेवढे खूश नव्हते. नाना गावठाणातले, सत्तरी ओलांडलेले, त्यांची सून आमच्याकडे मासळी घेऊन येते म्हणून ओळख. त्या दिवशी ते प्लॉटच्या कडेला टॉवेल खांद्यावर टाकून नुसते उभे होते. मी विचारलं, काय नाना, गार्डन होतंय ना, चांगलं झालं की. तर म्हणाले, "बाय, हे बुजवतात तर पानी जाईल कुठं? हितं आमची उघारी व्हती."

मला उघाडी म्हणजे काय हेच माहीत नव्हतं, तीस वर्षं मी त्या जागेसमोर राहात होते तरी. नानांनी सांगितलं. खाडीकाठची ही सगळी जमीन खाजणाची, भरतीचं खारं पाणी भातशेतीत शिरू नये म्हणून लोकांनी बांध घातलेले, आणि त्या बांधाला ठरावीक ठिकाणी लाकडी दार असायचं, ती उघाडी. भरती आली की बंद, सुकती, म्हणजे ओहोटी, लागली की उघडायची म्हणजे शेतातलं पावसाचं पाणी खाडीला निघून जायचं. हे काम गावात पाळीपाळीने चालायचं, रात्री दोन वाजता भरती असेल तर रात्री दोन वाजता माणूस बांधावर हजर. नानांच्या वडिलांसोबत नाना कंदील धरून जायचे. नंतर सिडकोने नोड वसवताना होल्डिंग पाँड बांधले आणि त्यांच्या तोंडाशी झडपा बसवल्या, त्याही तेच काम करतात. भरतीला बंद होतात आणि पाऊस पाँडमध्ये थांबून राहतो, ओहोटीला खाडीत जातो. म्हणजे शहराने नवीन काही केलं नव्हतं, नानांच्या वडिलांचंच काम सिमेंटमध्ये केलं होतं. आमचा प्लॉट पाँड नव्हता, पण पाँडकडे जाणाऱ्या पाण्याची वाट तिथूनच होती, आणि ती वाट कुठल्याच कागदावर नव्हती.

दुसऱ्या दिवशी हाफ डे टाकून मी गार्डनचं काम काढणाऱ्या त्या ऑफिसात गेले, सोबत आमच्याच मजल्यावरच्या कुलकर्णी काकू. क्लार्कने बसायला खुर्ची दिली, फाइल काढली, नकाशा दाखवला. पिवळा रंग म्हणजे रहिवासी, हिरवा म्हणजे मोकळ्या जागा, जांभळा म्हणजे इंडस्ट्री, असं त्यानेच समजावून सांगितलं. आमचा प्लॉट छान हिरवा होता. नाला एका बारीक निळ्या रेघेत. मी सांगितलं की पाणी असं असं जातं. तो म्हणाला, मॅडम, याची जाहिरात पेपरला आली होती, हरकती-सूचनांची मुदत संपली. मी विचारलं कधी आली होती, तर त्याने तारीख दाखवली, आणि त्या तारखेला आमच्या घरी तोच पेपर येत होता. मी नोटिशीचं पान वाचत नाही. कुलकर्णी काकूही वाचत नाहीत. नानांना तर पेपरच नाही.

तेवढ्यात एक तरुण ज्युनिअर इंजिनिअर आला, पंचवीस-सव्वीसचा असेल, त्याने सगळं ऐकून घेतलं आणि आपल्याकडची लेव्हलची, म्हणजे जमीन कुठे किती उंच आहे त्याची, शीट काढली. म्हणाला, मॅडम, आमच्या लेव्हलप्रमाणे इथे पाणी थांबायला नको. मग त्यानेच तारीख बघितली आणि गप्प झाला. सर्व्हे फेब्रुवारीत झाला होता. फेब्रुवारीत तो प्लॉट खडखडीत कोरडा असतो, तिथे क्रिकेट चालतं. पाणी येतं जुलैत, आणि जुलैत तिथे कोण असतं तर आम्ही. "हे आम्हाला कुणी सांगितलंच नाही," तो म्हणाला, आणि ते खरंच होतं. कुणी सांगायचं, कुठे सांगायचं, याला जागाच कुठे आहे?

यानंतर मी बसून कायदा वाचला, जमेल तसा. महाराष्ट्रात हे सगळं चालतं १९६६ च्या प्रादेशिक नियोजन व नगररचना कायद्यावर, ज्याला सगळे एमआरटीपी म्हणतात. आधी शहराचा सर्व्हे करून सध्याच्या जमीन वापराचा नकाशा करायचा, मग त्यावर विकास आराखड्याचा मसुदा, मग तो प्रसिद्ध करून महिना-दोन महिन्यांत हरकती आणि सूचना मागवायच्या, मग नियोजन समितीसमोर सुनावणी, मग सरकारची मंजुरी. वाचताना माझ्या लक्षात आलं की लोकांना बोलावतात ते मसुदा तयार झाल्यावर. रस्ता कुठून जाणार, आरक्षण कुठे पडणार, सगळ्या रेघा मारून झालेल्या असतात, आणि मग तुम्ही यायचं ते हरकतदार म्हणून. हा शब्द मला फार लागला. नानांना कसलीच हरकत घ्यायची नव्हती, त्यांना एक गोष्ट सांगायची होती. सांगणारा माणूस आणि हरकत घेणारा माणूस यांच्याशी ऑफिसात बोलण्याची पद्धतसुद्धा वेगळी असते, हरकत आली की समोरचा पहिल्यांदा स्वतःचा बचाव करतो, आणि मग ऐकणं तिथेच संपतं.

आणि हे आपल्या शहरात तर जन्मापासूनच आहे. आर्किटेक्ट चार्ल्स कोरिया आणि प्रविणा मेहता आणि इंजिनिअर शिरीष पटेल यांनी साठच्या दशकात खाडीपलीकडच्या नव्या शहराची कल्पना मांडली, ती कल्पना मोठी होती आणि माझं सगळं आयुष्य त्याच कल्पनेत गेलं म्हणून मला तिच्याबद्दल आदरच आहे. १९७० मध्ये सिडको आली. पण ज्यांच्या भातखाचरांवर आणि मिठागरांवर हे शहर उभं राहायचं होतं त्या आगरी-कोळी गावांना विचारलं कुणी? जमिनी गेल्या, मोबदल्यासाठी भांडावं लागलं, आणि जानेवारी १९८४ मध्ये जासईजवळ दास्तान फाट्याला आणि नवघर फाट्याला गोळीबार झाला, पाच शेतकरी हुतात्मा झाले. शेतकऱ्यांचे नेते दि. बा. पाटील साहेबांच्या त्या लढ्यानंतर साडेबारा टक्के विकसित जमीन परत देण्याची योजना आली. आमच्या पिढीला साडेबारा टक्के हा शब्द प्लॉटच्या जाहिरातीतूनच माहीत, त्याच्यामागे पाच माणसं आहेत हे शाळेत कुणी सांगितलं नाही. मला हे नानांकडून कळलं, वयाच्या चाळिसाव्या वर्षी.

आता कुणी म्हणेल की त्यासाठी नगरसेवक असतात ना. असतात, पण नवी मुंबई महापालिकेची मुदत मे २०२० मध्ये संपली आणि त्यानंतर पाच वर्षांहून जास्त काळ प्रशासक होते. त्याच काळात, २०२२ मध्ये, महापालिकेच्या विकास आराखड्याचा मसुदा आला. पुढच्या वीस वर्षांचं शहर ठरवणारा कागद, आणि त्या वेळी सभागृहात लोकांनी निवडून दिलेलं एकही माणूस नाही. हजारो हरकती गेल्या तेव्हा, लोक एकगठ्ठा फॉर्म भरून देत होते. मुंबईत २०१५ ला काय झालं ते आठवत असेल, मसुद्यात इतक्या चुका निघाल्या आणि इतका गदारोळ झाला की एप्रिलमध्ये सरकारने तो मसुदाच रद्द करून परत करायला सांगितला. किती वर्षांचं काम, किती पैसा. आधी चार वस्त्यांमध्ये जाऊन नकाशा जमिनीवर पसरून बसले असते तर?

गावात निदान ग्रामसभा असते, तिथे उभं राहून बोलता येतं. आमच्या बाजूच्या गावठाणाची पंचायत गेली, शहर आलं, आणि ग्रामसभा पण गेली. चौऱ्याहत्तरावी घटनादुरुस्ती १९९३ मध्ये लागू झाली, मोठ्या शहरांत वॉर्ड समित्या आल्या, राज्यात क्षेत्रसभेची तरतूदही २००९ मध्ये झाली, म्हणजे मतदारांनी आपल्या भागात एकत्र बसून बोलायचं. मी आमच्या सेक्टरमध्ये अशी एकही सभा बघितलेली नाही, आणि आसपास ज्यांना ज्यांना विचारलं त्यांनीही नाही.

असो. मग आम्ही काय केलं ते सांगते.

कुलकर्णी काकू निवृत्त शिक्षिका, त्यांनी सुचवलं की आपण आपला नकाशा करू. एका रविवारी बिल्डिंगखालच्या पार्किंगमधून गाड्या काढल्या, फरशी धुऊन घेतली आणि रांगोळीने आमचा सेक्टर काढला. पांढऱ्याने रस्ते, हिरव्याने झाडं, निळ्याने पाणी. गावठाणातून नाना आणि आणखी तिघं आले. सुरुवातीला नाना खुर्चीवर बसूनच सांगत होते, इथून नाय, अजून उजवीकडे. मग राहवलं नाही, चप्पल काढून खाली बसले, निळ्या रांगोळीची चिमूट घेतली आणि प्लॉटच्या ईशान्य कोपऱ्यापासून नाल्यापर्यंत एक वाकडी रेघ ओढली. हात थरथरत होता पण रेघ कुठे वळवायची ते पक्कं होतं. मधेच थांबून त्यांनी एक ठिपका दिला, हितं उघारी. मग २००५ च्या सव्वीस जुलैच्या पुरात पाणी कुठवर आलं होतं ते प्रत्येकाने आपापल्या आठवणीने काढलं, ए विंगच्या दुसऱ्या पायरीपर्यंत, मीटर रूमच्या दारापर्यंत, आणि ते सगळे ठिपके जोडले तर नानांच्या रेघेच्या दोन्ही बाजूंनी पाणी पसरलेलं दिसत होतं. सगळे गप्प झाले. कुणीतरी वर जाऊन गॅलरीतून फोटो काढला, तोच फोटो आम्ही पुढे अर्जाला लावला.

पण त्या नकाशात एक मोठी चूक राहिली होती आणि ती मला दुसऱ्या दिवशी आमच्याकडे कामाला येणाऱ्या सविताताईंनी दाखवली. त्यांना मी फोटो दाखवत होते, तर म्हणाल्या, "ताई, आमचा रस्ता कुठाय यात?" आमच्या सेक्टरमध्ये रोज सकाळी कितीतरी बायका कामाला येतात, त्या मेन गेटने येत नाहीत, प्लॉटच्या कंपाउंडची एक पडकी बाजू आहे तिथून येतात, कारण तिथून बस स्टॉप जवळ. गार्डनच्या ड्रॉइंगमध्ये ती भिंत पूर्ण बांधायची होती. म्हणजे यांना रोज येताना-जाताना हायवेच्या सर्व्हिस रोडने लांबचा वळसा, आणि त्या रोडला फुटपाथ नाही. आम्ही वीस-बावीस जण रांगोळी काढायला बसलो होतो आणि एकालाही हे सुचलं नव्हतं. त्यांना बोलावलंच नव्हतं ना. म्हणजे ऑफिसने आमच्याशी जे केलं तेच आम्ही त्यांच्याशी केलं, हे मला त्या दिवशी फार टोचलं.

म्हणून दुसरी बैठक दुपारी तीनला ठेवली. सकाळची कामं आटपून संध्याकाळची सुरू व्हायच्या आधी त्यांना तेवढाच तासभर असतो. ऑफिसची सुनावणी सकाळी अकराला असते, आणि अकराला या बायका कुणाच्या तरी भांड्यांत असतात. त्या बैठकीला नऊ जणी आल्या, आणि खरं सांगते, सगळ्यात कामाच्या गोष्टी त्या एका तासात कळल्या. दिव्याचा कुठला खांब बंद असतो, कुठे कुत्री असतात, पाऊस पडला की नाल्यावरच्या कुठल्या फरशीवरून पाय घसरतो, सगळं त्यांना पायाने पाठ.

सगळं गोडीगुलाबीने झालं असं नाही. आमच्याच सोसायटीतले काही जण म्हणाले की ती पडकी बाजू बंदच करा, बाहेरचे लोक येतात, चोऱ्या होतात. कुणाला भाजीवाले हटवायचे होते. गावठाणातल्या पोरांना गार्डनपेक्षा मोकळं मैदान हवं होतं, क्रिकेट आणि गणपतीचा मांडव, आणि आमच्याकडच्या सीनियर सिटिझन्सना आवाज नको होता. दोन बैठका नुसत्या भांडणात गेल्या. लोकसहभाग म्हणताना आपण धरून चालतो की लोक म्हणजे एकच कुणीतरी, तसं नसतं हो. ज्याच्याकडे लेटरहेड आहे, ज्याला इंग्रजीत मेल लिहिता येतो, ज्याचा भाऊ मंत्रालयात आहे, त्याचं म्हणणं आधी पोचतं. म्हणून तर बैठक कुणी बोलवायची, किती वाजता ठेवायची, कुठे ठेवायची हे फार महत्त्वाचं. सोसायटीच्या हॉलमध्ये ठेवली तर गावठाणातले दारात उभे राहतात, आत येऊन बसत नाहीत. गावदेवीच्या देवळात ठेवली तर आमचे काही जण येत नाहीत. शेवटी आम्ही नाल्याच्या पुलावरच उभ्याने बैठक घेतली, तिथे कोणीच पाहुणं नव्हतं.

तो ज्युनिअर इंजिनिअर रविवारी स्वतःहून आला, सुट्टीचा दिवस असून. गावाकडे शिवारफेरी असते तशी आम्ही सेक्टरफेरी काढली, पुढे नाना, मागे आम्ही तीस-चाळीस माणसं. त्याने मोबाइलवर प्रत्येक जागेचा फोटो आणि लोकेशन घेतलं. आदल्या रात्री पाऊस झाला होता आणि साडेचार मीटरच्या वरची भरती होती, म्हणून नाना जिथे जिथे म्हणाले होते तिथे तिथे पाणी उभं होतं. त्याला काही समजावून सांगावं लागलंच नाही.

झालं काय शेवटी? गार्डन झालं. पण ईशान्येकडचा भराव काढला, तिथे उघडी चर ठेवली आणि नाल्याला मोठा पाइप जोडला. गेल्या पावसाळ्यात ए विंगच्या पायरीला पाणी लागलं नाही. पडक्या बाजूचं गेट मात्र अजून मिळालेलं नाही, भिंत बांधली, गेटची मंजुरी 'प्रक्रियेत' आहे, आणि सविताताई आणि बाकीच्या बायका रोज वळसा घालतात. मैदानाचं तर काहीच झालं नाही, गावठाणातली पोरं आमच्यावर अजून नाराज आहेत आणि त्यांचं चुकतंय असं मला वाटत नाही.

आमचं निदान एका प्लॉटचं होतं. नेरुळ-सीवूड्सकडे पाणथळ जागांसाठी लोकांना हायकोर्टात जावं लागलं, २०१८ मध्ये निकाल त्यांच्या बाजूने लागला, तरी पुढे तिथल्या डीपीएस शाळेमागच्या तलावात भरतीचं पाणी यायचं बंद झालं तेव्हा फ्लेमिंगोंसाठी परत रस्त्यावर उभं राहावं लागलं. ठाणे खाडीला २०२२ मध्ये रामसर, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा, हा दर्जा मिळालाय, आणि ती खाडी कुठे श्वास घेते हे काठावरच्या कोळ्यांइतकं कोण सांगणार? पण हे सगळे लोक कोर्टातच का भेटावेत, आधी का नाही?

माझं म्हणणं एवढंच आहे की सर्व्हेला निघायच्या आधी या. नकाशा वेबसाइटवर पीडीएफ टाकून होत नाही, तो रेशन दुकानात लावा, शाळेत लावा, मासळी बाजारात लावा, आणि त्यावर गट नंबरासोबत पिंपळाचं झाड, पीठगिरणी, गावदेवी असं लिहा म्हणजे माणसाला आपलं घर सापडतं. एक सर्व्हे फेब्रुवारीत केलात तर एक जुलैत करा. आणि आम्ही सांगितलेलं नाही घेतलंत तर का नाही घेतलं ते दोन ओळी मराठीत लिहून द्या, आम्ही समजून घेऊ. पुण्यात २००६ पासून नागरिकांकडून बजेटसाठी कामं मागवतात, त्यात कमी-जास्त असेल, पण निदान काम ठरायच्या आधी विचारतात.

नानांची तब्येत आता बरी नसते. त्यांच्या वयाची गावठाणात चार-पाच माणसंच उरलीत ज्यांनी बांध आणि उघाड्या डोळ्यांनी बघितल्यात. म्हणून आम्ही ठरवलंय, या रविवारी दुपारी तीनला सगळ्यांनी पुलावर जमायचं, नानांना खुर्चीवर बसवून न्यायचं आणि ते सांगतील तिथे तिथे कंपाउंडच्या भिंतींवर चुन्याने खुणा करायच्या, पाण्याची जुनी वाट कुठली आणि सव्वीस जुलैचं पाणी कुठवर ते. चुना मी आणते आहे. ब्रश कुणाकडे असतील तर आणा, आणि गेटच्या अर्जावर सह्या पण घ्यायच्यात, सविताताई कागद घेऊन येणार आहेत.